साडेसहा मीटर

कुताइसीच्या अंध मुलांच्या शाळेतून
ओतार मास्तरांनी माप पाठवलं,
नवरीच्या झग्याचं पाठवतात तसं, चिठोऱ्यावर :
अन्ननलिका पंचवीस सेंटीमीटर.
जठर रिकामं असताना मुठीएवढं, भरलं की लिटरभराचं.
लहान आतडं साडेसहा मीटर.
खाली पेन्सिलीनं : त्सियाला, टाके घट्ट घाल, पोरं ओढतात.

चाळीस वर्षं मी पडदे शिवले, कोट उलटवले,
शवपेट्यांना अस्तरं लावली.
माणसालाही आतून अस्तर असतं
हे कुणी बोललं नव्हतं.

जिभेला खरखरीत लोकर घेतली.
घशात दोन वाटा; श्वासाच्या वाटेवर
खिशाला असतं तसं झाकण,
गिळताना आपसूक मिटणारं.
अन्ननलिकेत इलास्टिकच्या वळ्या ओवल्या,
कारण मास्तर म्हणाले, घास खाली पडत नाही, ढकलला जातो,
उलटं टांगलं तरी पोटातच पोचतो.
(शेजारच्या बेसोनं हे करून पाहिलं. पैज जिंकला, पाठ धरली.)

जठर डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला.
आत मेणकापड,
कारण तिथलं आम्ल आपलंच घर खाईल
जर घर दर थोड्या दिवसांनी
स्वतःला नव्यानं सारवून घेणार नाही.
यकृताला माझ्या आईच्या हिवाळी कोटाची पाठ गेली.
त्याच्या पोटाशी पित्ताची पिशवी,
कच्च्या आलुबुखाराएवढी, हिरव्या साटिनची.
स्वादुपिंड जठरामागे दडलेलं,
ते मी दोनदा विसरले, दोनदा उसवलं.

मग आतडं.
घरातले अकरा टॉवेल कापले, उलटे शिवले,
म्हणजे सगळे लोंबते फासे आत.
तेच तर काम करतात, मास्तर म्हणाले,
प्रत्येक फासा थोडंथोडं चाटून घेतो आणि रक्ताला देतो,
आणि रक्त आधी यकृताच्या नाक्यावर थांबतं.
त्या आठवड्यात आम्ही चादरींना अंग पुसलं.

मोठं आतडं कॅनव्हासचं, चौकटीसारखं भोवती,
उरलेलं पाणी परत काढून घेणारं,
मी उसवलेला दोरा रिळाला गुंडाळते तसं.
कोपऱ्यात एक चिंधी राहिली होती. कापणार होते.
राहू दे, म्हणाले, ती खरंच असते.
शेवटच्या टोकाला बटण लावलं.
मुलांना सगळ्यात आधी तेच सापडलं.
दहा मिनिटं वर्ग नुसता हसत होता.

पिक्रिया मात्र तोंडापासून निघाली.
नऊ वर्षांची, खिशात अक्रोड.
तो तिनं लोकरीच्या जिभेवर ठेवला आणि ढकलत नेला,
बोटाबोटानं, इलास्टिकमधून, मेणकापडातून,
टॉवेलच्या वळणावळणांनी, जेवणाची घंटा होऊन गेली तरी.
चिंधीजवळ अडकला. मी उसवायला कात्री काढली,
ती म्हणाली थांबा, आणि पोटऱ्या चोळाव्यात तसं
चोळून चोळून त्याला वाट दिली.

बटण उघडलं. अक्रोड हातात.
तिनं तो हुंगला, कानाशी हलवला.
"हा तर तोच आहे," म्हणाली.
"मग हे पोट नाही. ही पिशवी आहे."

ओतार मास्तर काहीतरी सांगायला लागले,
रेणू, विकरं, असं.
मी काय सांगणार? अकरा टॉवेल गेले होते
आणि पोरगी खरं बोलत होती.
माझ्या शिवणीत सगळं होतं,
फक्त अक्रोडाची पिक्रिया होण्याची सोय नव्हती.

मी तिला जवळ ओढलं, तिचा कान
माझ्या एप्रनवर दाबला, बेंबीच्या जरा खाली.
बराच वेळ ती हलली नाही.
"कुणीतरी फर्निचर सरकवतंय," मग म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"सकाळी काय खाल्लंत?"
काही नाही, म्हटलं. शिवत होते.

तिनं अक्रोड दाराच्या फटीत धरला,
दार ओढलं,
आणि मोठा अर्धा भाग चाचपून
माझ्या हातावर ठेवला.
"चावून खा," म्हणाली. "पुढचं ते बघतील."