जवळात जवळचा हेतू

विषय क्रमांक सात :
कै. म्हादू लक्ष्मण तारळेकर रॉकेल निधी.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मी पान उलटलं.

अकराशे रुपये, सन एकोणीसशे एकावन्न.
विट्यातला हातमागावरचा माणूस,
चाळिशीत अक्षरं शिकला
ती याच वाचनालयात, कंदिलाखाली,
आणि जाताना स्वतःच्या हातानं लिहून गेला :
"मुद्दलास हात लाऊ नये.
व्याजातुन कंदीलास राकेल घालावे.
दिवसा सवड नसलेला माणुस
अंधारामूळे माघारी जाऊ नये."
चुका मी तशाच उतरवल्या.

बासष्ट साली वीज आली.
कंदील जडवस्तू नोंदवहीत गेला, क्रमांक चौदा, काच तडकलेली.
निधी मात्र बँकेत वाढत राहिला,
बिनवातीचा, बिनधुराचा,
एकाहत्तर हजार चारशे.

खजिनदार म्हणाले, वर्धापनदिनाला घाला,
शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं जेवण,
ज्ञानाचा प्रकाशच की तो.
कुणी हसलं, कुणी नाही.
कुणी म्हणालं इन्व्हर्टर,
कुणी म्हणालं कमान, वर त्यांचं नाव घालू, बारीक अक्षरात.

म्हेत्रे वकीलबाई तोवर गप्प होत्या.
म्हणाल्या, आपण मालक नाही, राखणदार आहोत.
देणाऱ्याचा हेतू आता जमत नसेल
तर त्याच्या जवळात जवळचा हेतू शोधायचा,
आणि धर्मादाय आयुक्तांकडे सांगलीला अर्ज करायचा.
आपल्या मनानं नाही.

रॉकेलच्या जवळात जवळ काय असतं?
सगळे ट्यूबलाइटकडे बघत बसले.

चहाचे कप उचलता उचलता
रमजान शिपाई म्हणाला,
"पर सायब, सा वाजता कुलूप लागतंय न्हवं आपलं?"

पंखा फिरत होता.
पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत होते,
पाळी सुटायला अर्धा तास.
बाराच्या बारा ट्यूब पेटलेल्या,
आम्हा सात जणांसाठी.

विषय सर्वानुमते पुढील सभेवर.
रमजानचं बोलणं इतिवृत्तात नाही,
तो सभासद नाही.
आणि सहाला कुलूप लावतो तो मी,
सव्वासहाची लेंगरे गाडी चुकू नये म्हणून,
गेली एकोणीस वर्षं.

आठ वाजता खाली उतरलो तर
पायरीवर एक जण, केसात सुताची कुसळं.
"उघडं हाय?"
"बैठक होती," मी म्हणालो.
"म्हंजे बंदच."
किल्ली माझ्याच खिशात होती.
तो गेला.
रस्त्यावरचे दिवे चालू होते सगळे.
अंधार कुठंच नव्हता.

वर परत गेलो, वही उघडली,
समासात पेन्सिलीनं लिहिलं,
खोडता येईल असं :
लेंगऱ्याची शेवटची गाडी, नऊ वीस.