सातवा रकाना

सिस्टरने घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र स्टीलच्या ट्रेमध्ये घेतलं,
ओढणीची पिनही घेतली.
"लोखंडाचं काही आत नको."
रक्तात असेल थोडं, मी म्हटलं.
ती हसली नाही. तिचा रोजा होता, दुपारचे तीन,
बाहेर होटगी रोडवर बेचाळीस अंश.

चाळीस फूट पाण्याखाली मी दोनदा जाऊन आलेय, तारकर्लीला.
सोलापुरात हे कुणाला खरं वाटत नाही.
"नळाला चार दिवसांआड पाणी," जाऊ म्हणते,
"आणि तू बुडायला पैसे देतेस?"
तिथे कधी भीती वाटली नाही.
इथे नाकापासून चार बोटांवर प्लास्टिकचं आभाळ.
पहिल्यांदा मी घंटा दाबली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा डॉक्टर बिराजदार सुई घेऊन आले.

आवाजाचं काही नव्हतं खरं तर.
खटखट, खटखट, मग लांब गुरगुर,
साखर पेठेतले आमचे माग असेच बोलायचे.
दोन मागांच्या मध्ये साडीची झोळी,
झोळीत मी.
वीज गेली, माग थांबले, की रडत उठायचे
असं आई सांगते.

मशीन थांबलं आणि मी जागी झाले.
चाळीस मिनिटं गेली होती.
झोपेनंतर निदान गालावर वळ उरतो,
एखादी चिंधी स्वप्नाची.
इथे काहीच नाही.
ताणा तुटावा, कुणी गाठ मारावी, कापड पुढे सरकावं, तसं.
पण गाठ बोटाला लागते.

"चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठे सही करायची नाही."
आणि शनिवारी पाण्यात गेले तर?
"पोहायला?"
खाली.
बिराजदारांनी खुर्ची ओढली.
"औषध तोवर उतरेल बहुतेक.
पण खोलात हवेचीच एक नशा चढते म्हणतात.
उरलीसुरली गुंगी तिला घरचीच वाटेल."
मग फाइल मिटून,
"औषधाचं सोडा. स्कॅन कशासाठी केला?
दोनदा चक्कर येऊन पडलात.
फरशीवर पडलात म्हणून टाक्यांवर भागलं.
खाली आली तर..."
वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं.
रिपोर्ट सोमवारी.

शुक्रवार रात्रीची मालवण गाडी, खिडकीची सीट.
फोनवरचा फॉर्म सातव्या रकान्यापर्यंत भरलेला:
गेल्या महिनाभरात भूल, झोपेचं औषध, चक्कर?
होय. नाही.
बोट मी "नाही"वर ठेवलं होतं.
खोटं कशाला सांगू, बराच वेळ ठेवलं होतं.

मग हेमंत तांडेल आठवला,
खाली माझ्यासमोर तरंगणारा,
नजर माझ्या नजरेवरून न हलवणारा.
माझी हवा संपली तर तो त्याची देणार
आणि मी त्याला एवढंही सांगणार नाही?

फोन लावला. तो म्हणाला,
"समुद्र खंय पळान जाता काय, वहिनी?"
मेअखेर त्याची बोट वर ओढतात,
ते दोघंही बोललो नाही.

शनिवार. चौथा दिवस, पाणी आलंय.
गल्लीभर मोटारींची घरघर.
मी मोरीत स्टुलावर, पाठ भिंतीला टेकून,
जावेने बजावलंय तशी.

धागा जोरात खेचला की अप्पा ओरडायचे,
मेल्लगा, मेल्लगा. हळू गं.
वर येताना हेमंतही तेच सांगतो,
तोंडात नळी, म्हणून हाताने,
तळवा पालथा, पाण्याला थोपटल्यासारखा:
आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही.

बादली भरून वाहतेय.
तळाशी एक बुडबुडा चिकटलाय,
सुटत नाहीये.
मी नळ बंद केला.
त्याला हात लावला नाही.