छातीच्या उंचीवर

किनवटच्या पुढं डांबर संपतं, तिथून
दीड कोस चढ, मग बोरमाळ.
तिथं मी एकवीस दिवस झाडं मोजली,
रोजंदारीवर, माघात.

मी औशाकडचा. आमच्याकडं झाड म्हणजे
बांधावरची बाभूळ,
जिच्यापायी दोन पिढ्या कोर्टात गेल्या.
इथं पहिल्याच दिवशी
वर बघून बघून मान धरली,
रात्री तेल चोळावं लागलं.

साग, धावडा, तिवस, मोह, टेंभुर्णी, बिबा:
नावं मानकूबाई पेंदोर सांगायची,
मी वहीत लिहायचो.
जी तिला फक्त गोंडीत येत
त्यांच्यापुढं 'इतर'.
त्या वहीत सगळ्यात जास्त झाडं
इतर जातीची आहेत.

नियम असा, की टेप धरायची
छातीच्या उंचीवर.
कुणाच्या, ते नियमात नव्हतं.
मानकूबाईची छाती माझ्या कोपरापाशी.
ती एक टोक धरून खोडामागं जायची,
टेप तिरकी व्हायची
आणि यायचा तो आकडा
ना तिचा ना माझा.

पानगळ चालू होती. सागाची पानं
जेवायच्या ताटाएवढी, वाळून कडक.
माघातल्या रानात चोरून काही करता येत नाही.
भेकर आम्हाला ऐकायचं, आम्ही भेकराला,
मग दोन्हीकडचे पाय थांबायचे
आणि कोण आधी हलतं
याची टेकडी वाट बघायची.

माथ्यावरून पैनगंगा दिसे,
पाण्याहून वाळू जास्त.
पलीकडं हेच डोंगर, हाच साग,
फक्त वही दुसऱ्या साहेबाची.

सतराव्या दिवशी हळदू.
नाल्याच्या काठी, आणि बाकीची झाडं
त्याच्यापासून जरा अदबीनं लांब.
टेप पुरली नाही. सुतळी जोडली.
मानकूबाई टोक घेऊन मागं गेली
ती बराच वेळ आलीच नाही.
"बाई?"
"हाव. हिकडं ये. काई तरी हाय."

साल तासलेली तळहाताएवढी जागा,
तीत ठोकलेला जुना आकडा,
निजामाच्या वेळचा, उर्दूतला.
चहूकडून साल ओठासारखी वाढत आलेली,
तिनं बहुतेक सगळा गिळलेला.
उरली होती एक तिरकी रेघ.
त्या लिपीत सात आणि आठ
एकमेकांना उलटे धरलेले असतात म्हणे.
सात असेल. आठही असेल.

"माह्या सासऱ्यानं डबा धरला व्हता डांबराचा,"
मानकूबाई म्हणाली,
"मजुरी मागून देतो म्हनले, देल्लीच नाई."
आमचीही सतरा दिवसांची
अजून यायची होती.

मी खोडावर थाप मारली.
आत आवाज लांबपर्यंत गेला.
वरच्या ढोलीतून एका पिंगळ्यानं डोकं काढलं,
टेबलावर झोपलेल्या कारकुनाला उठवावं
तसं आमच्याकडं बघितलं.
प्रकृतीच्या रकान्यात मी लिहिलं: पोकळ.
"काय लेहलं?"
सांगितलं.
"आन त्यो वरचा? त्यो कोन्या रकान्यात?"

मी उत्तर दिलं नाही. ब्रश तिच्या हातात दिला.
तिला आकडे येत नव्हते.
समोर उभं राहून मी बोटानं हवेत काढत गेलो,
तेवीसशे सतरा,
ती माझ्याकडं बघत, तिच्या छातीच्या उंचीवर,
लाल रंगात, सावकाश.
तीन मात्र तिनं दिसला तसा काढला,
पाठ फिरवून. त्याचा सहा झाला.

वहीत तेवीसशे सतरा.
झाडावर सव्वीसशे सतरा.
मधली तीनशे झाडं कुठली,
साहेबांनी विचारलं असतं, मी सांगितलं नसतं.

सहाच्या पोटातून एक ओघळ निघाला.
मानकूबाईनं पायाखालचं पान उचलून तो टिपला,
पान तिथंच टाकलं.
मग आम्ही पुढच्या झाडाकडं निघालो,
पापड मोडत.