तिसरा शनिवार

हाकोदाते. ट्रामच्या शेवटून दुसऱ्या थांब्यावर
आमचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
सप्टेंबरात काउंटरच्या काचेवर मीठ धरतं,
रोज पुसावं लागतं. मालक पुसत नाहीत. मी पुसते.

इसोया-सान तिसऱ्यांदा आले.
हिरव्या मखमलीवर मी दोन्ही मांडले:
निकॉन, कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलेला;
कॅनन, पहिल्या मालकानं नुसता दुरून पाहिल्यासारखा.
"दोन्ही चांगलेच," मी म्हटलं,
आणि चाळीस वर्षं माकूळ पकडलेला माणूस
कौल लावून बसल्यासारखा
गप्प.

मग भिंगं लावून पाहिली.
एकाचं उजवीकडे फिरून बसतं, दुसऱ्याचं डावीकडे,
भाऊबंदकी असावी तसं.
"बोटीवरचा रहाट डावीकडे फिरायचा," ते म्हणाले,
"मनगटाला तेवढंच ठाऊक."
मग निकॉन देऊ?
"नको. निवृत्त झालोय ना."

मागच्या शनिवारी नुसतं वजन तोललं होतं,
त्याआधी माहितीपत्रकं घरी नेली,
परत आणली सोया सॉसच्या डागांसकट.
मेहुणा म्हणतो हा, दातांचे डॉक्टर म्हणतात तो,
त्यावरून त्या दोघांचं बोलणं बंद.

आज बायको सोबत. नात्सुए-सान
दाराशी स्टुलावर, मांडीवर कोबीची पिशवी,
पाठ आमच्याकडे.
"हिच्या कानावर सोपवू," ते म्हणाले
आणि खिडकीबाहेर बघत राहिले,
निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे.

मी शटर दाबलं. खट्.
थांबले. पुन्हा दाबलं. खट्.
का कोण जाणे, दोन्ही वेळा
हातात एकच होता.

"दुसरा," ती वळलीसुद्धा नाही.
"पहिला घाई करतो."

त्यांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले.
खोक्याची गाठ माझ्याच्यानं बसेना.
ते ट्राम थांबवायला पुढे धावले
तेव्हा ती काउंटरवर वाकली:
"एकच वाजवलास ना, दोनदा?"
मी काच पुसायला घेतली.
"बरं केलंस. चौथ्या शनिवारी
मी त्यांनाच इथे ठेवून गेले असते."

दुसरा अजून मखमलीवर आहे.
परवा एका मुलानं विचारलं, कसा आहे?
चांगला, मी म्हटलं.
जरा घाई करतो, असं ऐकलंय.