उलटी दुर्बीण

साडेसहा. साकोर्ड्याच्या पुलावर
सात माणसं, नऊ दुर्बिणी,
आणि देवस्थळीबाईंची चिवड्याची पिशवी,
जी उघडताना एवढी कुरकुरते
की पलीकडच्या काठावरचा खंड्या उडून जातो.
असू दे, मी म्हणतो, तो परत येतो.
येत नाही. पण पहिल्या दिवशी
सगळं खरं सांगायचं नसतं.

मी शाणू वेळीप. आधी खनिजाचा ट्रक चालवायचो.
तेव्हा मला दोनच जातीचे पक्षी ठाऊक:
कावळा, आणि कावळा नसलेले.
खाणी बंद पडल्या. ट्रक बँकेनं नेला.
मग एका सकाळी कुणी गोरा म्हातारा
आमच्या न्हाणीमागच्या वेलीपाशी
तासभर बसला आणि रडला.
आई म्हणाली, कोणतरी गेलां हाचें, च्या दी ताका.
गेलं नव्हतं. सापडलं होतं.
फांदीवर दोन सुकी पानं, एकमेकांना टेकलेली,
आणि त्या पानांना डोळे.
बेडूकमुख्या, नर आणि मादी.
मी रोज त्यांच्याच खालून
पाणी तापवायला लाकडं आणत होतो.

आता मी फोनवर आवाज लावत नाही.
लावायचो. नवरंग यायचा टुणटुणत,
छाती काढून, भांडायला.
या झुडपात शोध, त्या झुडपात शोध,
आणि शत्रू माझ्या खिशात,
अठ्ठावन्न टक्के चार्ज.
एका डिसेंबरात तो चौथ्यांदा आला.
पाच हातांवर थांबला,
खिशाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
त्या दिवशी फोटो छान आले सगळ्यांचे.
बक्षिसी पण बरी मिळाली.
रात्री मी तो आवाज पुसून टाकला.
माझं नाव थोडं कमी झालं त्यानं. होऊ दे.

पाहुण्यांनीच एकदा वर्गणी काढून
मला परदेशी नेलं. कझाकस्तान. मे महिना.
पासपोर्टावर धंदा अजून ड्रायव्हर.
झाड नाही, डोंगर नाही,
नजर टेकवायला जागाच नाही.
तिथली गाईड आयगुल, चोवीस वर्षांची,
काहीतरी भुर्रकन उडालं की हसून म्हणायची,
परत येईल.
मी म्हटलं, बाई, हे वाक्य माझं आहे.

मग गवताच्या ढेकळावर
शेपटी वरखाली करत एक पक्षी.
ती चाल मी अंधारातही ओळखीन.
जानेवारीत आमच्या वायंगणात
म्हशींच्या पायांत फिरतो हा, पिवळा धोबी.
पण आमच्याकडे तो मळका,
परगावी चांगले कपडे पेटीत ठेवून
जुन्यावर भागवणाऱ्या माणसासारखा.
आणि इथं?
अंगभर हळद लागलेली.
म्हणजे लग्नघर हे होतं तर.
आम्ही फक्त खानावळ.

आयगुल म्हणाली, हा आमचा.
मी म्हटलं, आमचा.
देवस्थळीबाई म्हणाल्या, वाद नको, चिवडा घ्या.

दुर्बीण लावली, तर सगळं एकदम लांब गेलं.
उलटी धरली होती.
दूरच्या त्या वाटोळ्या उजेडात
धोबी नव्हता, आयगुल नव्हती.
इवलासा धूर होता,
आमच्या न्हाणीचा वाटला मला.
कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांत वारा गेला म्हणालो.

आज गटात एक पोरगा आहे, नऊ वर्षांचा.
आईनं जबरदस्तीनं उठवलेला.
दुर्बीण उलटी धरून
तो कठड्यावरून आम्हा सगळ्यांकडे बघतोय.
त्याचे बाबा ओरडतात, अरे, सरळ धर.
राहू दे, मी म्हणतो,
लांबून पण बघून घेऊ दे एकदा.

चला. पाय वाजवू नका.
पिशवी गाडीत ठेवा, बाई, मेहरबानी.
आधी न्हाणीपाशी जाऊ.
आई उठली असेल.
लाकडं ती आता दुसऱ्या वाटेनं आणते.