विषय क्रमांक सात

मनामा, एकोणऐंशीचा ऑगस्ट.
बर्फाच्या लादीचा नवा दर मंजूर झाला,
जकात गोदामाचं छप्पर पुढच्या वर्षावर गेलं,
चहा आला, पेले गेले,
आणि मग विषय क्रमांक सात:
बंदराबाहेर नांगरलेलं जहाज
आणि त्यावरचे त्रेचाळीस व्हिएतनामी.

मी टंकलेखक. खुर्ची दाराशी, पंख्याच्या पाठीमागे.
बोलणं अरबीत, टिपण इंग्रजीत,
आणि मला ऐकू येतं ते दापोलीच्या कचेरीतलं:
मुदत, शर्त, हद्द, तारीख, वकील, हिशोब.
हे शब्द कधीचे आमच्या किनाऱ्याला उतरले,
आमच्या फेरफाराच्या वहीत राहून गेले.
कुठल्या गलबतातून आलात,
कोणी विचारलं नव्हतं त्यांना.

उपसचिव यादीवर बोट ठेवतात:
‘एकोणीस जण न्गुएन? एकाच घरातले का?’
‘नाही साहेब,’ एजंट म्हणतो, ‘आडनावच तसं आहे.’
‘मग एकोणीस अर्ज वेगळे लागतील.’
मी लिहितो: एकोणीस अर्ज वेगळे लागतील.

कप्तान हालवोर, नॉर्वेचा. आत बोलावला की
टोपी मांडीवर ठेवतो आणि दर वेळी तेच सांगतो.
माझ्या जहाजात सिमेंट होतं.
होडी दिसली. इंजिन बंद पडलेलं.
बायका पातेली उंच धरून हलवत होत्या,
उन्हात चमकावीत म्हणून.
मी काय करायला हवं होतं?
कोणी बोलत नाही.
मीही ते वाक्य गाळतो;
इतिवृत्तात प्रश्न बसत नाहीत.

मग विधी खात्यातला तरुण मुद्दा काढतो:
गोडं पाणी पुरवणं म्हणजे आश्रय देणं होतं का?
पाऊण तास.
म्हातारे बू राशिद, पोरवयात मोत्यांसाठी बुड्या मारलेले,
झोपलेच आहेत असं वाटत होतं.
डोळे न उघडता म्हणाले,
‘पाहुण्याला तीन दिवस नावही विचारू नये, बाप सांगायचा.’
‘आजचा एकतिसावा,’ विधी खातं म्हणालं.
ठरलं: पाणी द्यावं.
देतो आहोत असं लिहू नये.

म्हणून पाण्याच्या बार्जवर मला धाडलं, मोजायला.
नळी जोडली. वर कठड्याला डोकी,
आवाज कुणाचाच नाही, पाण्याचाच तेवढा.
एक बाई शिडी उतरून आली,
तांदळाची रिकामी पोती तिनं परत दिली,
धुऊन, वाळवून, सुतळीनं बांधून. चौदा.
मी मोजली, कारण त्याचसाठी आलो होतो.
तिनंही मोजली, स्वतःच्या भाषेत, बोटांवर.
मग माझ्याकडे बोट केलं, मग शहराकडे,
आणि काहीतरी विचारलं.
माझा पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत,
परवाना येत्या मार्चपर्यंत.
मी मान हलवली, आपण हलवतो तशी,
हो की नाही ते समोरच्यानं ठरवावं.

सप्टेंबरात एका पहाटे नांगराची जागा रिकामी.
कुठे गेले, कोणी म्हणालं नाही.
विषय क्रमांक सात मात्र पुढच्या बैठकीत आला,
त्याच्या पुढच्याही;
काढून टाकायलासुद्धा ठराव लागतो.

आणि एक बिल आलं माझ्या टेबलावर.
पाणी, चाळीस टन.
देणाऱ्याचं नाव: कोरं.
घेणाऱ्याचं नाव: कोरं.
मी तारीख तेवढी टाकली.