तिसरा राजा

कुयेलीची टेकडी चढायला घोडा नाही म्हणतो,
आणि फिलिपीनचा कायतान, वय वर्षं दहा,
एका हातानं मुकुट सावरत
त्याच्या कानात शिव्या घालतो.

पहिल्याकडे सोनं. दुसऱ्याकडे ऊद.
ह्याच्या डबीत बोळ;
पाद्री सांगतात, मरणाची खूण.

असेल.
मी सुईण. ह्याला मीच ओढून काढला,
पायाळू, पेट्रोमॅक्सच्या उजेडात,
आणि फिलिपीनला सव्वा महिना
हिराबोळ गुळातून मीच चारला.

तान्ह्याला सोनं काय करायचंय?
तिघांत एकालाच आठवली बाळंतीण.

काल कळलं, डबी रिकामीच असते.
पदराच्या गाठीतला खडा
आत टाकला, गुपचूप.

चढ रे घोड्या,
वर ओली बाळंतीण आहे.